कुत्र्याचा उपवास

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी धीराने वागल्यासारखा दिसलो, तर तो तुमचा गैरसमज समजावा. मी विजेला भितो, विहिरीत डोकवायला भितो, सरकारी शिक्क्याचं पाकीट उघडायला भितो. आणि कुत्र्याला तर सातव्या वर्षापासून भितो. शाळेतून घरी येताना एका कुत्रीने माझी पोटरी फोडली होती. त्या काळी त्याची इंजेक्शनं पोटात देत, रोज एक याप्रमाणे चौदा. वडील मला धरून बसायचे आणि मी अख्खा दवाखाना डोक्यावर घ्यायचो. तेव्हापासून कुत्रा दिसला की मी रस्ता बदलत आलो.

असा मी, गेल्या पौषापासून रोज सकाळी कुत्रा घेऊन चालायला लागलो. कारण एका भीतीला त्याहून मोठी भीती भेटली होती.

जाफराबादेत आमचं भुसार मालाचं आडत दुकान आहे. थोरले भाऊ आणि मी मिळून ते चालवायचो. घर एकच. वहिनी आधीच गेल्या होत्या, त्यामुळे भाऊ आमच्यातच जेवायचे. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी भाऊ गादीवर बसले, पाणी मागितलं, आणि तांब्या येईपर्यंत लोडाला टेकून आडवे झाले. समोर बसलेल्या शेतकऱ्यांना वाटलं, शेठजींचा डोळा लागला. मलाही तेच वाटलं. मी दोन पोती मोजून होईपर्यंत त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाऊ तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते.

यंदा मला छप्पन्नावं लागलं. त्याच्या आधीच मी घाबरून जालन्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक निघाली. मग मला काट्यावर उभं केलं. एकशे चार किलो. भावाचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रोज चाळीस मिनिटं चाला, नाहीतर..." 'नाहीतर'च्या पुढे ते काहीच बोलले नाहीत. जीपने परत येताना सगळा रस्ता मी तो शब्दच चघळत होतो.

दुसऱ्या दिवशी चालायला निघालो. गल्लीच्या तोंडाशी चार कुत्री उठून उभी राहिली आणि मी घरी परत आलो. बायकोने घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली होती. चार दिवस असंच झाल्यावर ती म्हणाली, "आता दोनच गोष्टी. एकतर मी तुमच्यासंग येते, न्हाईतर त्याला घेऊन जा."

बायकोला घेऊन जाणं शक्य नव्हतं. गावातल्या प्रत्येक ओट्यावर तिची कुणीतरी ओळखीची, चाळीस मिनिटांत आम्ही चार घरं ओलांडली असती. राहिला 'तो'. आमच्यात पहिली रोटी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. ती शेवटची रोटी खायला एक उंचापुरा, तपकिरी, एका कानाचा तुकडा गेलेला कुत्रा रोज आमच्या दाराशी येऊन बसायचा. बायको त्याला 'ये रे' म्हणायची आणि तेच त्याचं नाव पडलं होतं. सुनेने कुठूनतरी पट्टा आणि साखळी आणली. पट्टा तिनेच घातला. मी तेव्हा जिन्यात होतो.

पहिले पंधरा दिवस मी साखळी धरायचो ती हात लांब करून, जणू टोकाला तापलेली कढई आहे. पण तो पुढे चालायला लागला की गल्लीतली बाकीची कुत्री बाजूला व्हायची. मला हे कौतुकाचं वाटलं. एका कुत्र्याच्या भीतीने बाकी सगळ्यांची भीती गेली. आम्ही भोकरदनच्या रस्त्याला लागायचो, सोयाबीनच्या आणि कपाशीच्या शेतांच्या कडेकडेने पुलापर्यंत जायचो आणि परत यायचो. तो मध्ये दर खांबाला थांबायचा, मग मीही दम खायचो. आपण कुत्र्यासाठी थांबलो असं दाखवता येतं, हा कुत्रा पाळण्याचा मोठा फायदा.

वजन मी दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर करायचो. आमचा म्हातारा हमाल पहिल्या दिवशी म्हणाला होता, "दोन पोती, अन् वर घमेलंभर." होळीपर्यंत घमेलं उतरलं. आषाढापर्यंत मी एक्क्याण्णववर आलो. शर्ट लोंबायला लागले, मांडी घालून बसता यायला लागलं.

आता तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. पण आमच्या भागात माणूस बारीक झाला की कुणी शाबासकी देत नाही. माल घेऊन येणारा प्रत्येक जण मला पाहून आधी दचकायचा. "शेठ, लईच वाळून गेलात वं. काय निघालं?" 'काय निघालं' म्हणजे कोणता आजार निघाला. कुणी साखरेचं विचारायचं, कुणी आवाज खाली आणून त्याहून मोठ्या रोगाचं. मी म्हणायचो, कुत्रा फिरवतो. ते मान हलवायचे आणि जाताना दारातून पुन्हा एकदा बघून घ्यायचे. त्यामुळे काट्यावर आकडा खाली आला की मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटायच्या, जमतंय अशी, आणि आतून काही खातंय की काय अशी.

मग पर्युषण आलं. आमच्यात हे वर्षातले आठ मोठे दिवस, आणि शेवटचा दिवस संवत्सरीचा. ज्यांना झेपतं ते आठही दिवस काही खात नाहीत, फक्त दिवसाउजेडी उकळलेलं पाणी घेतात. त्याला अठाई म्हणतात. ज्यांना तेवढं झेपत नाही ते शेवटचे तीन दिवस उपवास करतात, तो तेला. आणि ज्यांना तेही झेपत नाही ते माझ्यासारखे, उपवास करणाऱ्यांना 'साता आहे ना?', म्हणजे बरं आहे ना, झेपतंय ना, असं विचारत फिरतात. बायकोने यंदा अठाई धरली होती.

सहाव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा निघालो. पुलाच्या अलीकडे एक ढाबा आहे, त्याच्यासमोर मोरीचा कठडा. तिथे आलो आणि छातीवर कुणीतरी भरलेलं पोतं ठेवलं. डावा हात खांद्यापासून जड झाला. घाम असा फुटला की चष्मा घसरला. मी कठड्यावर बसलो आणि साखळी हातातून सुटली.

तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगतो. मला वाटलं, हेच ते. भाऊ असेच टेकले असतील. समोर सोयाबीन डुलत होतं, एक जीप भोंगा वाजवत गेली, आणि मी इथे मरतोय हे कुणालाच माहीत नाही. नवकार मंत्र म्हणायला गेलो तर दुसरी ओळ आठवेना. लहानपणापासून रोज म्हणतो तो.

दहा-बारा मिनिटांनी पोतं उतरलं. ढाब्याच्या मागून कुत्रा आला, मिशा चाटत. त्याची साखळी धरून मी हळूहळू घरी गेलो आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. बायकोचा सहावा उपवास, तिच्या जिवाला घोर कशाला. पित्त असेल. पट्टी तर ठीक आली होती. खरं कारण एवढंच की, बोलून दाखवलं असतं तर ते खरं झालं असतं. घाबरट माणूस असाच असतो. तो संकटापुढून पळत नाही, तो त्याच्यावर चादर टाकतो.

त्या दिवशी कुत्र्याने रोटी खाल्ली नाही.

बायकोने ती पुढे टाकली, त्याने वास घेतला, तोंड लावलं आणि मागे सरला. संध्याकाळीही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच. बायको अठाईच्या अशक्तपणाने भिंतीला टेकून बसली होती. तिने हात जोडले आणि म्हणाली, "बघा, ह्यानं तेला धरला."

बरोबर सहाव्या दिवसापासून, म्हणजे तेल्याचाच पहिला दिवस. हिशेब असा चोख बसला की शंका घ्यायला जागाच उरली नाही. सुनेने शेजारी सांगितलं, शेजारणीने स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, सांगितलं आणि दुपारपर्यंत आमच्या ओट्यावर माणसं यायला लागली. कुणी म्हणे, मागल्या जन्मीचा कुणी साधक असणार. कुणी त्याच्यापुढे बसून त्याला साता विचारली. एका काकूंनी त्याच्या पाठीवर केशरी रुमाल टाकला. माझी चार वर्षांची नात त्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "ये रेचा उपास आहे, त्याला त्रास नका देऊ."

मी दारात उभा राहून वेगळंच बघत होतो. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. मधूनमधून तो पुढच्या पायाने जबडा खरवडायचा. आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवलं की तोंड घालायचा, झटका बसल्यासारखा मागे सरायचा आणि कण्हायचा.

कुत्रा पाण्यापासून मागे सरतो तो कधी, हे पोटात चौदा सुया घेतलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

त्याला लस टोचून घ्यायला हवी होती. सुनेने चार वेळा सांगितलं होतं. पण दवाखान्यात नेऊन त्याला धरावं लागेल, म्हणून मी आज-उद्या करत राहिलो होतो. आणि आता तो माझ्या भेगाळलेल्या टाचा चाटून गेलेला, नातीचा गाल चाटून गेलेला. शिवाय दुपारपासून त्याच्या डोक्यावरून हात फिरवलेली पन्नास माणसं.

मी ओरडून नातीला आत नेलं. ती रडली. बायको म्हणाली, "पर्वाच्या दिवसात कशाला आवाज चढवता?" मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण 'पिसाळला' हा शब्द ओट्यावरून खाली उतरला की गल्लीत काठ्या निघतात, हे मी पाहिलेलं आहे. ज्यांनी आज हात जोडले होते त्यांच्याच शेजारची माणसं काठ्या काढणार. आठ महिने मला पुलापर्यंत नेऊन आणणारा तो एक जीव. मी सांगितलं तर तो मरतो, नाही सांगितलं तर नात. असा सरळ हिशेब समोर होता, आणि तरी मी एक अख्खा दिवस गप्प बसलो. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

संवत्सरीच्या सकाळी सगळे स्थानकात गेले. मी पोटदुखीचं सांगून मागे राहिलो. हाताला जाड गोणपाट गुंडाळलं, साखळी धरली आणि कुत्र्याला घेऊन सरकारी जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो. तो मुकाट चालला. केशरी रुमाल अजून त्याच्या पाठीवर होता, मी तो काढायलाही धजावलो नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई शेतकरी घरातल्या, बैलाला चापट मारून बाजूला करणाऱ्या. मी दारातूनच म्हणालो, "पिसाळलाय." त्या थांबल्या. लांबूनच त्याच्याकडे बघत राहिल्या. कधीपासून, कुणाला चावला का, अंगावर येतो का, एकेक विचारलं. मग कोपरापर्यंतचे मोजे चढवले, तोंडावर फडकं बांधलं, एका आडव्या काठीने त्याचा जबडा जरा उघडला आणि आत बॅटरी मारली.

"डोळे शांत हायेत याचे. माणूस वळखून राह्यला," त्या म्हणाल्या. "धरा इकडं."

"मी?"

"शिपाई लसीकरणाला गेलाय गावात. मंग कोण धरंल?"

त्यांनी पट्टीची एक वादी वरच्या जबड्यात अडकवली, एक खालच्या, आणि दोन्हींची टोकं माझ्या हातात दिली. मलाही मोजे घालायला लावले. मी ओढलं. त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर उघडलं गेलं, सगळे दात, लाल जीभ, लाळ. डोळे मिटावेत तर पकड सुटेल, म्हणून मी उघडे ठेवले. त्याने मला ढकललं नाही. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी चिमटा आत घातला, जोर लावला, आणि टाळूत दाढेपासून दाढेपर्यंत आडवं अडकलेलं एक हाड बाहेर आलं. बोटभर लांब, बकऱ्याच्या बरगडीचा तुकडा.

"शेठ," त्या फडक्याआडून हसत म्हणाल्या, "सगळं जाफराबाद पाया पडून गेलं म्हणं तुमच्या तपस्व्याच्या. हे घ्या त्याचं तप."

म्हणजे मी कठड्यावर मरत बसलो होतो, तेव्हा हा ढाब्यामागे जेवत होता.

कुत्र्याने बादलीत तोंड घातलं आणि तो पाणी प्यायला. प्यायला आणि प्यायला. मी हसायला लागलो, आणि हसता हसता पुन्हा ते पोतं छातीवर येऊन बसलं. मी टेबल धरलं. मिनिटभरच होतं. पण बाईंनी पाहिलं.

"छातीला हात का लावला?"

"पित्त आहे."

"मला जनावरं सांगत न्हाईत, म्हणून तोंड उघडून बघावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुमचं तोंड कोण उघडंल?" मग कागदावर लिहून दिलं की लाळ लागली आहे, लस नव्हती, तेव्हा मी आणि नात, दोघांनी आजच इंजेक्शन घ्यायचं. "अन् तिथंच छाती दाखवून घ्या. जल्दी."

दुपारी नातीला घेऊन माणसांच्या दवाखान्यात गेलो. इंजेक्शन आता दंडात देतात. नात रडली नाही. तिथल्या बाईंनी विचारलं, "अजून काही त्रास?" मी म्हणालो, "न्हाई, बिलकुल न्हाई."

संध्याकाळी प्रतिक्रमणाला, म्हणजे वर्षभराच्या चुकांची कबुली द्यायला, बसण्याआधी आमच्या घरात एकमेकांना खमावायची रीत आहे. वर्षभरात मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची. उन्हं अजून ओट्यावर होती. हाडाची गोष्ट मी घरी सांगून टाकली होती. मुलगा पोट धरून हसला, सून तोंडाला पदर लावून हसली. बायको हसली नाही. ती कुत्र्याजवळ बसून होती, आठ दिवसांच्या उपवासाने तिचा आवाज खोल गेला होता.

"तीन दिवस हा जीव दुखण्यानं कण्हत होता अन् आपण हात जोडून बसलो," ती म्हणाली. तिने कुत्र्याला खमावलं. मग माझ्याकडे वळून हात जोडले. "तुमचं मन दुखावलं असंल, कमी-जास्त बोलले असंल..."

मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "परवा सकाळी छातीत दुखलं. मोरीवर बसून राहिलो. आज पुन्हा दुखलं."

तिचे हात तसेच जोडलेले राहिले. मग म्हणाली, "जेठजी गेले त्या दिवशी सकाळी त्यांनाबी दुखत होतं."

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. घुंघट असतो. तीस वर्षं एका घरात राहून, तिच्या हातचं जेवून, भाऊ तिच्याशी एक सरळ वाक्य बोलले नव्हते, आणि ती त्यांच्याशी.

"दुकानाला जाताना सैपाकघराच्या दाराशी थांबले. भिंतीकडं बघून म्हणाले, सोडा असंल तर बघा, छातीत कळ येऊन राह्यली. मी लोटा दाराबाहेर सरकवला. पिले अन् गेले. मी तुम्हाला फोन करणार होते. मंग वाटलं, ते माझ्याशी बोलले, हे मी कसं सांगू? अकराला निरोप आला. मागल्या संवत्सरीलाबी तुम्हाला खमावलं, अन् हे पोटातच ठेवलं."

मी दोन पोती मोजत होतो, ती दाराआड उभी होती, आणि भाऊ आमच्या दोघांच्या मधून निघून गेले होते.

तिने मुलाला हाक मारली. इतका मोठा तिचा आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. "गाडी काढ. जालन्याला जायचंय. आत्ता."

"तुझं प्रतिक्रमण," मी म्हणालो. "उद्या पारणं आहे."

"दवाखान्यात करीन पारणं. उठा."

गाडीत ती माझ्याशेजारी मागच्या सीटवर बसली आणि माझं मनगट धरून ठेवलं. आठ दिवस पोटात अन्न नव्हतं तिच्या, पण पकड घट्ट होती. गाडी भोकरदनच्या रस्त्याला लागली. मोरीचा कठडा, ढाबा, मी रोज परत फिरतो तो पूल, सगळं काचेबाहेरून गेलं. छातीत पुन्हा बारीक कळ सुरू झाली होती. यावेळी मी ती लपवली नाही.

"मला भीती वाटतेय," मी म्हणालो.

"मलाबी," ती म्हणाली. मग पुढे वाकून मुलाला सांगितलं, "जोरात घे."